ठसा

कडूबाई झारेकरीण गंगेचा गाळ धुऊन आली
की आधी माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकते.
गालातून काढते माल :
दोन मुरण्या, वाकलेलं जोडवं, कुणाच्या नवसाचा डोळा.
त्या दिवशी निघालं एक चांदीचं नाणं,
अंगठ्याच्या नखाएवढं.
"डोकं कुणाचं बघ," म्हणाली, "आपल्यातला वाटत नाही."

नव्हताच.
मान जाड. हनुवटीखाली दुसरी हनुवटी.
नाकाचं हाड कधीतरी मोडून तसंच बसलेलं,
आणि नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत
केसाहून बारीक एक सुरकुती,
झिजेची नव्हे, कोरलेली.
मी भिंगातून पाहिलं. भिंग पुसून पुन्हा पाहिलं.
राजा असून
याला कुणी तरुण केलं नव्हतं.

कुलथे मास्तर नाणी वाचतात.
तोलून, उलटंपालटं करून म्हणाले, रोमचं.
सोपाऱ्याला उतरलं असेल, घाट चढलं असेल.
मग बशीत चहा ओतत सांगितलं,
त्या लोकांत मोठ्या घरचा बाप गेला
की मेणात उतरवायचे त्याचं तोंड,
चामखीळ असेल तर चामखिळीसकट.
दर्शनी ओसरीत, फडताळात ठेवायचे.
पुढचं कुणी गेलं की आजे-पणजे बाहेर काढून
जिवंत माणसांच्या तोंडावर चढवायचे
आणि वाजतगाजत चालवायचे मयताबरोबर.

"म्हणजे आपले वीर," मी म्हटलं.
मास्तर बशी तशीच धरून राहिले.

धुळवडीला वीर निघतात नाशकात,
खोबऱ्याच्या वाटीत बसून, नाचत, रामकुंडावर न्हायला.
पण त्यांचं तोंड माझ्या पणज्याच्या ठशातलं :
खाली कासं, मध्ये पत्रा, वर शिसं, एक घाव.
वटारलेले डोळे, ढाल, तलवार.
म्हातारा पाटील असो
की विहिरीत पडलेलं आठ वर्षांचं पोर,
सगळ्यांना तीच मिशी.

शिमग्याच्या तोंडावर सगुणा निमसे आली, नांदूरची.
नवरा गेला मोटारीचा शॉक लागून,
आता स्वप्नात येऊन पाणी मागतो.
टाक करायचा होता.
तीस वर्षांत पहिल्यांदाच मी विचारलं,
दिसायला कसा होता?
"दिसायला?" ती दाराकडे बघत राहिली.
"डावा कान बैलाने फाडलेला.
हसले की एकच गाल हलायचा."
मोबाइलात फोटो एकच, कुणाच्या तरी हळदीतला,
अर्धा हिरामण दुसऱ्याच्या खांद्यामागे.

नऊ रात्री. ठसा नाही, फक्त लाख आणि टोचणी.
उठाव मागून, रेघ पुढून.
नाणं दिव्याला टेकवून ठेवलेलं;
तो मोडक्या नाकाचा माझ्याकडे बघायचाही नाही,
बाजूलाच बघायचा, उस्तादासारखा.
कान दोनदा फाटला, म्हणजे पत्राच फाटला.
तिसऱ्यांदा बैलाने फाडल्यासारखा फाटला.

तिने तळहातावर घेतला.
आणि पदर डोक्यावर ओढला,
तो अचानक दारात येऊन उभा राहावा तसा.
"हे तर तेच आहेत."
"हो."
"मग पुजू कशी? यांच्याशी तर मी भांडेन."
बऱ्याच वेळाने म्हणाली,
"ठशातला द्या."

एक घाव. मिशी, ढाल, तलवार.
रुमालाच्या गाठीत बांधून घेतला.
पायरी उतरताना वळली,
"याला आटवाल?"
मी फुंकणी पुसत होतो. पुसतच राहिलो.

धुळवडीला तिचा मुलगा नाचला हलगीवर,
मिशीवाला बाप हातात धरून.
जरा खाली, गुडघाभर पाण्यात,
कडूबाई चाळण हलवत उभी होती.

आता बुधवारच्या बाजाराला सगुणा येते.
जोडवं सैल झालं म्हणते.
झालेलं नसतं.
मी खालचा खण उघडतो,
नाणं तेवढं बाजूला सारतो
आणि चहा सांगायला जातो,
चौकाच्या पलीकडच्या, लांबच्या टपरीवर.